चिपमधली साय

आमच्या घरात 'फॅट' हा शब्द इंग्रजी आहे, हे मला पाचवीत गेल्यावर कळलं. तोवर तो दुधाचा शब्द होता, कासंडी आणि गाळणीसारखा. बाबा संस्थेत दूध घालून आले की आई भाकरी थापता थापता विचारायची, "किती लागली?" बाबा कधी "सहा-आठ" म्हणायचे, कधी नुसतंच चपला काढत "सहाला अडकली." फॅटवर दर, दरावर दहा दिवसांचं बिल, बिलावर आमच्या वह्या आणि दप्तरं. त्यामुळे पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी पुण्यातल्या एका लॅबमध्ये बसून मी त्याच फॅटला आवाजानं बाजूला सारायला लागले, तेव्हा निदान घरी समजावून सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. ते तेवढं सोपं गेलं नाही, पण ते शेवटी.

सुरुवात दुधापासून नव्हती. सरांनी दिलेला विषय कोरडा होता: केसासारख्या बारीक नळीतून वाहणाऱ्या पाण्यातले लहान-मोठे कण अल्ट्रासाउंडनं वेगळे करायचे. यातलं मूळ तत्त्व बीएस्सी केलेल्या अनेकांनी हातानं करून पाहिलेलं असतं. कुंटची नळी आठवते का? आडवी काचेची नळी, आत लायकोपोडियमची पूड, दांडी रेझिन लावलेल्या फडक्यानं घासायची, किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि पूड ठरावीक अंतरांवर ढिगांत जमते. ऑगस्ट कुंटनं हे १८६६ साली दाखवलं. आम्ही ढिगांमधलं अंतर मोजलं, आवाजाचा वेग काढला, जर्नलवर सही घेतली आणि विसरलो.

चिपमध्ये, म्हणजे अशी बारीक नळी कोरलेल्या छोट्या तुकड्यात, तेच, फक्त हवेऐवजी पाणी आणि मीटरभर नळीऐवजी चार-पाच केस शेजारी ठेवल्यावर होईल एवढी रुंदी. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. २ मेगाहर्ट्झचा आवाज घेतला तर एक तरंग पाऊण मिलिमीटरचा होतो आणि अर्धा ३७५ मायक्रॉनचा. नळीची रुंदी बरोबर ३७५ मायक्रॉन ठेवली की अर्धा तरंग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चपखल बसतो आणि जागच्या जागी उभा राहतो. भिंतींपाशी दाब सेकंदाला वीस लाख वेळा वर-खाली होतो. मध्यावर तो हलतच नाही. ही मधली रेघ म्हणजे दाबाचा निस्पंद. पाण्याहून जड आणि दाबायला कठीण असा कण या रेघेकडे ढकलला जातो. पाण्याहून हलका आणि सहज दबणारा कण उलटा, भिंतींकडे. ढकलण्याचा जोर त्रिज्येच्या घनाप्रमाणे वाढतो, पाण्याचा विरोध नुसत्या त्रिज्येप्रमाणे, म्हणून दुप्पट मोठा कण चौपट वेगानं सरकतो. गोरकोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं १९६२ साली दिलेल्या सूत्रात हे सगळं बसतं. आजी सुपात पाखडायची तेव्हा फोलपट पुढून उडून जायचं आणि दाणा मागे राहायचा. इथे वाऱ्याचं काम आवाज करतो.

तो आवाज ऐकू येतो का, हे मला आजवर प्रत्येकानं विचारलं आहे. नाही. आपला कान २० हजार हर्ट्झला हात टेकतो, आणि हा त्याच्या शंभरपट. लॅबमध्ये ऐकू येते ती सिरिंज पंपाची कुरकुर आणि एसीची घरघर.

पहिली चिप मी पीडीएमएसची केली, कारण तीच मला करता येत होती. पीडीएमएस म्हणजे पारदर्शक रबर. दोन द्रव दहाला एक प्रमाणात घोटायचे, व्हॅक्यूममध्ये ठेवून बुडबुडे काढायचे, साच्यावर ओतायचं, ओव्हनमध्ये ठेवायचं आणि वडीसारखं सोलून काचेवर चिकटवायचं. पिझोची चकती, म्हणजे वीज दिली की थरथरून आवाज काढणारी, मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणली. दुकानदार म्हणाला, "धुक्याचं मशीन दुरुस्त करताय का?" खोलीत वाफ सोडणाऱ्या यंत्रातली ती चकती १.७ मेगाहर्ट्झची असते. त्या हिशेबानं मी नळी ४४० मायक्रॉनची ठेवली आणि मनातल्या मनात खूश झाले, की बाहेरून महागडं काही न मागवता काम होतंय.

तीन आठवडे काहीही हललं नाही. कण जसे आत यायचे तसेच बाहेर जायचे. व्होल्टेज वाढवलं तर चिप गरम झाली आणि एकदा तर रबर काचेवरून सुटलं. सरांना दाखवलं. ते हसले नाहीत, पण म्हणाले, "गोधड्या टांगलेल्या खोलीत टाळी वाजवून प्रतिध्वनी शोधतेयस तू." तरंग उभा राहायला तो भिंतीवरून परतायला हवा. पीडीएमएस ध्वनीच्या दृष्टीनं पाण्याच्या इतकं जवळचं आहे की आवाजाला भिंत लागल्याचं कळतच नाही. तो रबरात शिरतो आणि तिथेच उष्णता होऊन मरतो. सिलिकॉन किंवा काच असेल तर बहुतेक आवाज आपटून मागे येतो. पीडीएमएस चालतं ते वेगळ्या जातीच्या चिपमध्ये, जिथे लिथियम नायोबेट नावाच्या स्फटिकाच्या पृष्ठभागावरून सरपटणारी लाट खालून पाण्यात शिरते. तो रस्ता माझा नव्हता. हे सगळं पुस्तकात होतं. मी वाचलंही होतं. पण आपल्या हातात जे साधन आहे त्यालाच पुस्तक लागू पडत नाही, असं माणसाला का वाटतं कोण जाणे.

सिलिकॉनची चिप कॉलेजच्या लॅबमध्ये होत नाही. आयएनयूपी नावाची केंद्र सरकारची योजना आहे, तिच्यातून बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही मोठ्या संस्थांच्या क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळमुक्त खोलीत, काम करता येतं. अर्ज, आराखडा, प्रतीक्षा, पुन्हा आराखडा. त्याचं वर्णन करत नाही, सरकारी योजनेचा अर्ज ज्यानं भरलाय त्याला माहीत आहे. एक दृश्य मात्र सांगते. सिलिकॉनमध्ये नळी कोरून झाली की वर काचेचं झाकण बसवतात. गोंद वगैरे काही नाही. दोन्ही एकमेकांवर ठेवून चारेकशे अंशांपर्यंत तापवायचं आणि काहीशे व्होल्ट लावायचे. आधी काचेखाली राखाडी, रंगीत पट्टे दिसत असतात. व्होल्टेज चढलं की एका ठिकाणी गडद ठिपका उमटतो आणि ओल्या फडक्यावर पाणी पसरावं तसा कडांकडे पसरत जातो. जिथे गडद झालं तिथे जोडणी झाली. पाचेक मिनिटं मी श्वास रोखून त्या डागाकडे बघत होते.

आता नळी ३७५ मायक्रॉन रुंद, १५० मायक्रॉन खोल, दोन सेंटिमीटर लांब. सुरुवातीला दोन वाटा आत येणाऱ्या, एक मधली आणि एक कडेची, जी दुभंगून दोन्ही बाजूंनी येते. शेवटाला तशाच दोन वाटा बाहेर जाणाऱ्या. पिझोही नवा, १ मिलिमीटर जाडीचा, २ मेगाहर्ट्झचा.

मग आला चिकटवण्याचा प्रश्न. पिझो आणि चिप यांच्यात हवेचा पापुद्रा राहिला तर आवाज तिथेच थांबतो. आधी सोनोग्राफीचं जेल लावलं. छान चाललं, वीस मिनिटं. मग पिझोच्या उष्णतेनं जेल वाळलं. नंतर इपॉक्सी लावलं, आणि भक्कम बसावं म्हणून अंमळ जास्तच लावलं. त्यानं चिप पिझोवर घट्ट बसली आणि आवाज अर्धमेला झाला. आमच्या लॅबचे मामा हे सगळं बाजूला उभं राहून बघत होते. मामा म्हणजे लॅब अटेंडंट, नोकरीला तीस वर्षं झालेले, पूर्वीच्या काळच्या सगळ्या उपकरणांच्या किल्ल्या त्यांच्याकडे. ते म्हणाले, "ताई, चप्पलवाल्याकडं कधी उभं राहून बघितलंय का? सोल्यूशन बोटभर थापलं की तळ सुटतो. तो पातळ लावतो, वाळू देतो आणि मग ठोकतो." त्यांनी तराजूच्या लाकडी पेटीतून २०० ग्रॅमचं पितळी वजन काढलं. मी फेविक्विकचा एक थेंब टाकला, पिझो ठेवला, वर ते वजन. दुसऱ्या दिवसापासून तीच पद्धत. ते वजन अजून माझ्या टेबलावर आहे आणि रजिस्टरमध्ये माझ्या नावावर आहे.

इथपर्यंत सगळं जमलं असं धरून चालले, आणि मग बुडबुडे भेटले.

या विषयावरच्या लेखांत बुडबुड्यांवर फार तर एक ओळ असते: 'द्रव वायुमुक्त करून घेतला.' त्या एका ओळीत माझे चार महिने आहेत. पाण्यात विरघळलेली हवा असते. चिप थोडी जरी तापली की ती सुटून एखाद्या कोपऱ्यात मोहरीच्या शंभराव्या हिश्शाएवढा बुडबुडा धरते. बुडबुडा पाण्याच्या मानानं इतका मऊ असतो की उभ्या तरंगाचा सगळा हिशेब तो एकटा मोडतो. त्यातून तो स्वतःही आवाजावर थरथरतो आणि भोवतीचं पाणी घुसळतो. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर छान सरळ चाललेले कण अचानक एका जागी गरगरताना दिसतात. तिथे बुडबुडा आहेच समजायचं.

मी काय काय केलं? पाणी उकळून गार केलं. व्हॅक्यूम पंपाखाली तासभर ठेवलं, तर त्यातून सोड्याच्या बाटलीसारखे फेस येताना दिसले. इतकी हवा आपण रोज पितो हे तेव्हा समजलं. सिरिंज भरताना ती उभी धरून टिचक्या मारल्या. तरी बुडबुडे यायचेच. शेवटी कळलं की ते पाण्यातून येतच नव्हते. कोरडी चिप पहिल्यांदा भरताना काचेच्या कोपऱ्यात हवेचा एक कण अडकून राहायचा आणि तोच वाढायचा. उपाय एका सीनियर मुलीनं कँटीनमध्ये चहा पिता पिता सांगितला: आधी इथेनॉल सोड, ते कानाकोपऱ्यात शिरतं, मग त्याच्या मागून पाणी सोड. दोन मिनिटांचं काम. चार महिने मी दुसऱ्याच दाराला कुलूप घालत होते.

सिरिंजचीही एक गंमत. पॉलिस्टायरिन या प्लॅस्टिकचे १० मायक्रॉनचे मणी पाण्याहून जेमतेम पाच टक्के जड, पण तेवढ्यावर ते तासाला सेंटिमीटरभर खाली बसतात. आडव्या सिरिंजमध्ये तासाभरानं मणी खालच्या बाजूला आणि चिपमध्ये निव्वळ पाणी. मला वाटायचं माझं वेगळं करणं फारच उत्तम चाललंय, बाहेर एकही मणी दिसत नाही! पुढे सिरिंजमध्ये छोटा चुंबक टाकून तो हलवत ठेवायला लागले.

आणि एका गुरुवारी संध्याकाळी ते झालं. फ्रीक्वेन्सी हातानं फिरवत होते, एक-एक किलोहर्ट्झनं. १.९७ वर काही नाही. १.९८ वर मण्यांचा विस्कळीत लोंढा जरासा अंग चोरल्यासारखा झाला. तीन-चार पावलं पुढे, आणि नळीभर पसरलेले मणी एका दमात मध्यावर येऊन एकामागोमाग एक चालायला लागले. पडद्यावर काळी, बारीक, सरळ रेघ, दोन्ही बाजूंना निव्वळ पाणी. बटण बंद केलं, रेघ पसरली. चालू केलं, परत रेघ. मी ते पंचवीस-तीस वेळा तरी केलं असेल. मामा कुलूप लावायला आले होते, त्यांनीही दोनदा बटण दाबून बघितलं. "दिसतंय की सरळ," म्हणाले आणि किल्ल्या खिशात टाकून खुर्ची ओढून बसले.

शुक्रवारी सकाळी त्याच आकड्यावर रेघ नव्हती.

मी बुडबुडा शोधला, तार शोधली, फेविक्विकवर संशय घेतला. कारण निघालं एसी. संध्याकाळी एसी लावलेला होता, सकाळी नव्हता. पाण्यातला आवाज २० अंशांना सेकंदाला १४८२ मीटर जातो, ३० अंशांना १५०९. म्हणजे दर अंशामागे माझी फ्रीक्वेन्सी तीन-चार किलोहर्ट्झनं सरकणार, आणि चांगली रेघ दिसण्याची खिडकीच मुळात पाच-दहा किलोहर्ट्झ रुंद. दोन-तीन अंशांत सूर गेला. त्यातून पिझो चालू केल्यावर चिप स्वतःच तापत जाते, म्हणजे सूर लावता लावताच तो सरकत असतो. गायनाच्या बैठकीत गाणं चालू असताना मागे बसलेला विद्यार्थी तंबोऱ्याचे मणी सारखे सरकवत का असतो, ते मला त्या दिवशी पटलं. शेवटी चिपखाली तापमान धरून ठेवणारी छोटी प्लेट बसवली आणि एसीच्या रिमोटला चिकटपट्टी लावून 'हात लावू नये' असं लिहिलं.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. पिझोचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) मोजला की आलेखावर सुंदर खड्डे दिसतात आणि वाटतं, हीच ती फ्रीक्वेन्सी. तो पिझोचा स्वतःचा सूर असतो. नळीतल्या पाण्याचा सूर त्याच्या आसपास कुठेतरी असतो आणि तो मण्यांकडे बघूनच शोधावा लागतो.

५ आणि १० मायक्रॉनचे मणी वेगळे करणं यानंतर तुलनेनं लवकर झालं. मिश्रण कडेच्या वाटेनं सोडायचं, मधून स्वच्छ पाणी. मोठे मणी चौपट वेगानं मध्याकडे येतात, छोटे कडेलाच रेंगाळतात, आणि तेवढ्यात नळी संपते. अख्ख्या प्रवासाला सेकंदसुद्धा लागत नाही. इथली मेख अशी की जोर वाढवला तर छोटेही मध्यावर पोचतात आणि सगळा गोपाळकाला होतो. व्होल्टेज आणि प्रवाह असे जुळवायचे की मोठ्यांचं जेमतेम जमावं आणि छोट्यांचं अर्धवटच राहावं. बाहेर आलेलं पाणी न्यूबाऊर चेंबरमध्ये, म्हणजे चौकटी आखलेल्या काचेवर, घालून मणी मोजायचे. डोळे जायची वेळ येते. शेकडा नव्वदच्या वर मोठे मणी मधल्या वाटेनं यायला लागले तेव्हा सर म्हणाले, "आता मणी पुरे. खरं काहीतरी घाल."

दूध तेव्हा डोक्यात आलं. त्याच आठवड्यात दादाचा फोन झाला होता की एका म्हशीला दगडी झालीय, एक सड कडक लागतोय. दगडी म्हणजे कासदाह. कासेला संसर्ग झाला की दुधात पांढऱ्या पेशी वाढतात. त्या मोजल्या तर कास बाहेरून बरी दिसत असतानाही आजार कळतो. पण कच्च्या दुधात चरबीचे इतके गोळे असतात की पेशी मोजताना तेच मध्ये येतात. चरबी आधी बाजूला काढता आली तर? चरबी पाण्याहून हलकी आणि जास्त दबणारी, म्हणजे आवाज तिला उलट दिशेला ढकलणार. पेशी निस्पंदाकडे, चरबी त्याच्यापासून लांब. कल्पना माझी एकटीची नव्हती. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात टॉमस लॉरेल यांच्या गटानं हृदयशस्त्रक्रियेत गोळा केलेल्या रक्तातले चरबीचे थेंब याच पद्धतीनं वेगळे करून दाखवले होते, आणि पुढे २००९ साली कच्च्या दुधावरही काम केलं होतं. पण म्हशीच्या दुधात चरबी गाईच्या जवळजवळ दुप्पट. तिथे काय होतं ते मला बघायचं होतं.

हॉस्टेलच्या कोपऱ्यावरून दुधाची पिशवी आणली. दहापट पातळ केलं, गाळलं, सोडलं. सूर लावला. काही नाही. व्होल्टेज वाढवलं. पडद्यावरचा पांढुरका धुरळा जागच्या जागी दोन-दोन भोवऱ्यांत फिरायला लागला, पण भिंतीकडे काही गेलं नाही. मणी घातले की रेघ लगेच. दूध घातलं की भोवरे. आठवडा गेला.

रविवारी आईला फोनवर म्हटलं, इथलं दूध काही कामाचं नाही. ती म्हणाली, "पिशवीचं ना? त्याला साय तरी कुठं धरते गं. मागं तुझ्याकडं आले होते तेव्हाच बघितलं मी. तापवलं, ठेवलं, वर नुसता पापुद्रा."

फोन ठेवला आणि कचऱ्याच्या डब्यातून पिशवी काढून वाचली. 'होमोजिनाइज्ड.' म्हणजे दूध प्रचंड दाबाखाली बारीक फटीतून मारून चरबीचे गोळे फोडलेले. गाईच्या दुधात हे गोळे सरासरी तीन-चार मायक्रॉनचे, म्हशीच्या दुधात त्याहून मोठे, आणि या पिशवीत एका मायक्रॉनच्याही आतले. साय धरायला गोळा वर तरंगून यायला हवा, आणि बारीक गोळा तरंगतच नाही. माझ्या चिपमध्येही तसंच. आवाजाचा धक्का त्रिज्येच्या घनाला बांधलेला, पाचपट लहान गोळ्याला सव्वाशेपट कमी धक्का. शिवाय आवाजामुळे नळीतलं पाणीही हळूहळू भोवऱ्यात फिरत असतं. रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १८८४ सालीच त्याचं गणित मांडून ठेवलंय. दीड-दोन मायक्रॉनपेक्षा मोठा कण या भोवऱ्याला जुमानत नाही, त्याहून लहान असेल तर त्यात वाहून जातो. पडद्यावर मला दिसत होते ते हेच भोवरे. आईनं साय बघून जे सांगितलं ते मी आठवडाभर मायक्रोस्कोपमधून बघत होते.

पुढच्या शनिवारी घरी गेले. रविवारी पहाटेची धार काढल्याबरोबर अर्धा लिटर दूध थर्मासमध्ये, थर्मास पिशवीत, पिशवी मांडीवर, आणि फलटण-पुणे एसटी. "पुण्यात दूध मिळत नाही व्हय?" शेजारच्या आजींनी विचारलं. त्यांना काय सांगणार. तीन तासांत लॅब गाठली, नायलॉनच्या जाळीतून गाळलं, पातळ केलं, आणि या वेळी दूध मधल्या वाटेनं आणि कडेनं मिठाचं पाणी सोडलं. सूर लावताच मधला पांढरा पट्टा दुभंगला. भांग पाडावा तसा. दोन्ही पांढऱ्या कडा भिंतींना जाऊन टेकल्या आणि मध्ये पाण्यासारखी निवळ वाट.

हा आनंद दहा मिनिटं टिकला. चरबी भिंतीला गेली ती भिंतीलाच राहिली. थरावर थर चढत गेले, खऱ्या अर्थानं चिपला साय धरली, नळी अरुंद झाली आणि सूर गेला. भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यानं चिप धुवायला अर्धा दिवस.

लुंडच्या लोकांनी यावर काढलेला तोडगा असा: त्याच नळीत अर्ध्याऐवजी पूर्ण तरंग बसवायचा. ४ मेगाहर्ट्झ. मग निस्पंद दोन होतात, एकेक पाव रुंदीवर, आणि बरोबर मध्यावर दाब सगळ्यात जोरात हलतो. दूध मधल्या पट्ट्यातच ठेवलं तर चरबी मध्यावर गोळा होणार, भिंतीला शिवणारच नाही, आणि पेशी दोन्ही बाजूंच्या निस्पंदांवर जाऊन कडेच्या वाटेनं बाहेर पडणार. मी आपली फ्रीक्वेन्सी देणाऱ्या जनरेटरवर आकडा दुप्पट केला आणि वाट बघत बसले. हूं की चूं नाही. पिझोची पट्टी आपल्या मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट अशा विषम पटींना साथ देते. दुपटीला ती मुकी. अर्धा मिलिमीटर जाडीची नवी पट्टी मागवली. ती यायला पाच आठवडे, आणि चिपवरची जुनी सोडवताना एक चिप कडकन दोन तुकडे. तिसरीवर जमलं. मध्यावर पांढरी जाडसर रेघ, दोन्ही बाजूंना निवळ पाणी, आणि त्यात अधूनमधून एकटीच जाणारी एखादी पेशी. पहिल्यांदाच मला दुधातली पेशी मोकळी दिसली. चाळीस मिनिटं चिप तुंबली नाही. मग मीच बंद केली, कारण सिरिंजमधलं दूध संपलं होतं.

त्या दिवशीचा व्हिडिओ दिवाळीत घरी दाखवला. बाबांनी मोबाइल लांब धरून बघितला. संस्थेत आता आम्लाच्या नळ्या जाऊन छोटा डबा आलाय, दूध ओढून घेतो आणि लगेच फॅटचा आकडा दाखवतो. "त्यातपण अल्ट्रासाउंडच असतं म्हणे," बाबा म्हणाले. असतंच. आवाज दुधातून किती वेगानं जातो त्यावरून तो फॅट ओळखतो. मी सांगितलं की तो नुसता विचारून घेतो, माझं यंत्र फॅटला उठवून बाजूला बसवतं.

आईनं व्हिडिओ दोनदा पाहिला. मधल्या पांढऱ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "हे लोणी का?"

"लोणी नाही गं. चरबीचे गोळे. साय म्हण."

"दिवसभर चालवलं तर किती निघेल?"

मी मनात हिशेब केला. मिनिटाला शंभर मायक्रोलिटर, त्यात दूध दहावा हिस्सा. "चमचाभर दूध जायलाच आठेक तास लागतील. त्यातली साय म्हणजे..."

"राहू दे," ती म्हणाली आणि उठून डेऱ्यात रवी घातली. मग थांबून विचारलं, "दगडी कळते ना पण त्यात?"

अजून नाही, म्हटलं. पेशी बाहेर येतायत, त्या मोजायचं राहिलंय. दादानं न बोलता दुसऱ्या दिवशी चारही सडांचं दूध चार वेगळ्या बाटल्यांत भरून दिलं, झाकणांवर बॉलपेननं १, २, ३, ४ लिहून. तिसऱ्या बाटलीवर फुली होती.